पिशवी तीच, तेल कमी

प्रश्न : चवथीच्या नेवऱ्या तळायला नेहमीच्या पसरकाराकडून नेहमीचीच तेलाची पिशवी आणली. भाव गेल्या चवथीएवढाच होता. तेल मध्येच संपलं म्हणून पिशवी पाहिली, तर वर 840 ग्रॅम! बिस्किटांचंही तेच. ही फसवणूक नव्हे का? तक्रार कुठे करू?
– एक गृहिणी, डिचोली

उत्तर : ताई, तुमचा राग रास्त आहे, पण पसरकारावर काढू नका. माल कंपनीतूनच तसा येतो. मी रिकामी वेष्टनं ठेवून देते. दहा रुपयांच्या एका जुन्या बिस्किटपुड्यावर 75 ग्रॅम आहे, नव्यावर 60. लांबी तीच, रंग तोच, बिस्किटं तेवढी पातळ.

पूर्वी बिस्किटं, चहा, खाद्यतेल, साबण ठरलेल्या वजनांतच विकायचं बंधन होतं. पाकीटबंद मालाच्या वजनमाप नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीने ते गेलं. छापलेलं वजन खरं असेल, तर आज हा गुन्हा ठरत नाही. मला हे मुळीच पटत नाही. वजन घटवलं की पुढच्या बाजूला ठळक छापायची सक्ती हवी.

तेलात तर फार घोळ होतो. लिटरभर तेल भरतं सुमारे 910 ग्रॅम. समजा, लिटरची पिशवी 150 रुपयांना आणि 840 ग्रॅमची 145 ला. हात आपसूक 145 कडे जातो. पण किलोचा हिशेब मांडा : पहिली पडते 165 रुपये, दुसरी जवळजवळ 173!

त्याच दुरुस्तीने एक हत्यारही हाती दिलंय. कमाल किमतीबरोबर दर ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमत छापावी लागते. किलो-लिटरच्या वर असेल तर किलोमागे, लिटरमागे. अक्षर बारीक असतं, चष्मा लावा. एका पिशवीवर मिलिलिटरचा आणि दुसरीवर ग्रॅमचा दर असेल, तर दोन्हींवरचं वजन बघून ग्रॅमनेच ताडा. पसरकाराने सामान पुढे केलं की पैसे देण्याआधी उलटून बघायला लाजू नका.

छापलंय त्याहून माल कमी वाटला, तर मात्र सोडू नका. वेष्टनाचं वजन त्यात धरत नाहीत, हे लक्षात ठेवा. पाकीट फोडू नका, बिल जपा आणि दोन्ही घेऊन वजनमाप खात्याकडे जा. जाणं जमत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.