हिपॅटायटिस सी : गोळ्या सुरू झाल्यानंतरचे पहिले आठवडे

हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे निदान झाल्यावर रुग्णाला जेवढी भीती वाटते, तेवढीच, आणि कधी कधी त्याहून जास्त, भीती त्याला पहिली गोळी पोटात गेल्यानंतर वाटू लागते. आजार अंगात असून जाणवत नव्हता आणि औषध घेतल्यावर मात्र डोके दुखू लागले, मळमळू लागले, हातापायांतला जोर गेला, असा अनुभव आला की मनात पहिला विचार येतो तो औषध सोडून देण्याचा. सोलापुरात समुपदेशक म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे: गोळीने त्रास होत असेल तर ती सोडून द्यावी का? त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून येथे एका बाईंची हकिकत सविस्तर सांगते. त्यांना मी लक्ष्मीअक्का म्हणेन. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

लक्ष्मीअक्का पन्नाशीच्या आसपासच्या, शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या विडी कामगार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेल्या रक्ततपासणीत त्यांना हिपॅटायटिस सी असल्याचे कळले. आपल्याकडे पुष्कळ लोकांना हा आजार असाच, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत कळतो, कारण हा विषाणू वर्षानुवर्षे यकृतात राहतो आणि बाहेर काही दाखवत नाही. पुढे व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी), सोनोग्राफी आणि इतर तपासण्या झाल्या. यकृत कडक होण्यास, म्हणजे सिरॉसिसला, सुरुवात झाली होती, पण यकृताचे काम अजून नीट चालू होते. डॉक्टरांनी सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर ही दोन औषधे एकत्र असलेली गोळी बारा आठवड्यांसाठी लिहून दिली. दररोज एक, अशा एकूण 84 गोळ्या. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमामुळे ही औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा दुसरा आठवडा चालू होता आणि दोन दिवसांपासून त्यांनी गोळी घेतली नव्हती. हे त्यांनी लगेच सांगितले नाही. बरोबर आलेल्या सुनेने पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि मोजल्यावर दोन गोळ्या जास्त निघाल्या, तेव्हा अक्का खाली बघून म्हणाल्या, "मॅडम, लई त्रास होतंय. आमच्या मोठ्या दिरांना पण असंच झालतं. इंजेक्शन घेऊन घेऊन ते आडवेच झाले. अर्ध्यात सोडलं म्हणून वाचले."

दिरांची गोष्ट खरी होती. काही वर्षांपूर्वीपर्यंत या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि सोबत रिबाविरिनच्या गोळ्या दिल्या जात. हा उपचार चोवीस ते अठ्ठेचाळीस आठवडे चालत असे. ताप, अंगदुखी, केस गळणे, रक्त कमी होणे, मन उदास होणे, कधी कधी जगणे नकोसे वाटण्याइतके उदास होणे, हे सारे त्यात होत असे, आणि एवढे सोसूनही निम्म्याच्या आसपास लोकांना गुण येत नसे. विषाणूवर थेट काम करणाऱ्या आणि इंटरफेरॉनशिवाय घेता येणाऱ्या गोळ्या 2013 च्या अखेरीपासून आल्या आणि चित्र पालटले. आता शंभरातील पंचाण्णवांहून अधिक लोक बरे होतात. पण ज्या घरात एकाने जुना उपचार भोगला आहे, त्या घराला हा बदल कोणी सांगितलेला नसतो. औषध बदलले तरी घरातली आठवण जुन्या औषधाचीच राहते, आणि पहिली डोकेदुखी आली की ती आठवण जागी होते. म्हणून मी अक्कांना आधी दोन्ही औषधांतला फरक सांगितला, सून ऐकत असतानाच सांगितला, कारण घरी जाऊन तो दिरांना आणि जाऊबाईंना तिलाच सांगावा लागणार होता.

त्यानंतर त्यांच्या त्रासाकडे वळलो. या गोळ्यांसोबत डोकेदुखी, थकवा, मळमळ, झोप नीट न लागणे, क्वचित जुलाब अशा तक्रारी येतात आणि बहुतेक वेळा त्या सौम्य असून काही आठवड्यांत ओसरतात. येथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात याच गोळीची तुलना औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीशी केली होती. खरे औषध घेणाऱ्यांपैकी 29 टक्के लोकांचे डोके दुखले आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी 28 टक्के लोकांचे. थकव्याचे प्रमाण दोन्हींकडे 20 टक्के होते. याचा अर्थ डोके दुखत नव्हते किंवा लोक उगाच तक्रार करत होते, असा मुळीच नाही. दुखणे खरेच असते, पण ते नेहमी गोळीचेच असते असे नाही. आजार, उन्हाळा, उपाशी पोट, काळजी, जागरण, हातातले काम, यांपैकी कशाचेही ते असू शकते, आणि कशाचे आहे ते शोधले तर गोळी न सोडताही ते कमी करता येते.

ते शोधायला मी एक साधे काम दिले. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली. चुकलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी एका दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हेही बजावले. सुनेने एका वहीत रोज लिहायचे होते: अक्का किती वाजता उठल्या, काय खाल्ले, गोळी कधी घेतली, विड्या वळायला कधी बसल्या, त्रास कधी सुरू झाला आणि कधी थांबला.

पुढच्या भेटीत ती वही आली. नातवाच्या शाळेची चौकटीची वही, मागच्या पानांपासून लिहिलेली. जवळजवळ प्रत्येक पानावर एकच क्रम होता. पहाटे साडेपाचला उठणे, बिनदुधाचा चहा, चहाबरोबर गोळी, सहाला पानाचा भिजवलेला गठ्ठा आणि तंबाखूचे सूप पुढे घेऊन बसणे, साडेनऊ-दहाला डोके जड होणे, अकराला मळमळ, मग कशीबशी अर्धी भाकरी. एका पानावर मात्र त्रासाच्या रकान्यात "नाही" असे लिहिले होते. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती.

विड्या वळताना तंबाखूची धूळ नाकात जाते आणि निकोटिन हाताच्या कातडीतूनही अंगात शिरते. त्याने डोके दुखते, मळमळते, हे विडी कामगार बायकांना सांगावे लागत नाही. नवीन शिकणाऱ्या मुलीला पहिले काही दिवस चक्कर येते, हे त्या स्वतःच सांगतात. अक्कांचे हात वर्षानुवर्षांच्या कामाला सरावले होते. पण रिकामे पोट, नवीन औषध, एप्रिलच्या उन्हात तापलेली पत्र्याची खोली आणि तंबाखू हे सगळे एकाच वेळी आल्यावर शरीराला ते झेपेना. त्यात पाणी अगदी थोडे प्यायचे, कारण वारंवार उठले तर हजार विड्यांचा आकडा भरत नाही आणि मजुरी कमी पडते. हे कारणही वहीत नव्हते. ते विचारल्यावर कळले.

वहीतल्या आणखी एका नोंदीवर मी थांबले. "चहा, गोळी, गॅसची गोळी." मळमळते म्हणून शेजारच्या मेडिकलमधून आणलेली ॲसिडिटीची गोळी त्या रोज याच गोळीबरोबर घेत होत्या. वेल्पाटासविर अंगात नीट शोषले जाण्यासाठी पोटात आम्ल लागते. आम्ल कमी करणारी औषधे सोबत घेतली तर गोळी पोटात जाते, पण तिचा पुरेसा भाग रक्तात पोहोचत नाही. म्हणजे त्रास कमी करण्यासाठी केलेल्या उपायाने उपचारच लंगडा होत होता. मी तो मजकूर डॉक्टरांना दाखवला आणि त्यांनी ॲसिडिटीची गोळी बंद केली. ज्यांना ॲसिडिटीचे औषध खरोखर लागते त्यांनी ते कोणते, किती आणि किती तासांच्या अंतराने घ्यायचे हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. साध्या ॲन्टासिडसाठीही चार तासांचे अंतर सांगितले जाते. फिट्ससाठी दिली जाणारी फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन ही औषधे तर या उपचाराबरोबर धोकादायक किंवा उपचार निकामी करणारी ठरू शकतात. म्हणून घरातली प्रत्येक गोळी, मग ती डॉक्टरांनी दिलेली असो की मेडिकलमधून आणलेली, पिशवीत घालून घेऊन या, असे मी सगळ्यांनाच सांगते. कोणालाही रागावण्यासाठी ती पिशवी मागितलेली नसते.

डोकेदुखीसाठीही हेच. सिरॉसिस असलेल्या माणसाने डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. पॅरासिटॅमॉल चालते, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच. झाडपाल्याचे औषध घेऊ नका, हे तर मी अधिक ठामपणे सांगते. यकृताचा आजार म्हटले की गावाकडून कोणीतरी काविळीचे औषध आणतेच, तेल-हळद बंद करायला सांगतेच, फुटाणे आणि उसाचा रस यांवर ठेवतेच. अक्कांचेही तेच चालले होते. सिरॉसिसमध्ये शरीराला प्रथिने आणि पोटभर अन्न लागते, उपासमारीने स्नायू झिजतात आणि थकवा वाढतो. तो थकवा मग गोळीच्या नावावर लिहिला जातो. भाकरी, डाळ, अंडे, दही, फोडणीची भाजी हे सगळे त्यांना खायला हरकत नव्हती, हे ऐकल्यावर सून म्हणाली, "शेंगाचटणी पण?" थोडी खाल्ली तर काही बिघडत नाही, असे मी सांगितले आणि त्या दिवशी अक्का पहिल्यांदा हसल्या.

बदल लहान होते. गोळी डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणानंतरच्या ठरलेल्या वेळी आणली, म्हणजे मळमळ झालीच तर ती झोपेत निघून जावी. ज्यांची झोप उडते त्यांना उलट सकाळची वेळ बरी पडते, त्यामुळे हा नियम सर्वांसाठी नाही. सकाळी कामाला बसण्याआधी भाकरी खायची, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवायचा, खोलीचे दार उघडे ठेवायचे आणि काम झाल्यावर साबणाने हात धुऊन मगच जेवायचे, एवढेच ठरले. मजुरी थोडी कमी आली. ती कमी येणार हे मी आधीच मुलासमोर बोलून घेतले होते, कारण घरातल्या मिळवत्या माणसाने "आज आकडा का भरला नाही?" असे विचारले की बायका पहिल्यांदा जेवण टाळतात आणि नंतर औषध.

थकव्याचा एक भाग मात्र या कशानेच गेला नाही आणि त्याचे कारण उशिरा कळले. निदान झाल्यापासून अक्कांचे ताट आणि पेला वेगळा होता. नातवाला त्यांच्याजवळ झोपू दिले जात नव्हते. हे कोणी दुष्टपणाने केले नव्हते, भीतीने केले होते, पण अक्का रात्र रात्र जागत होत्या. हिपॅटायटिस सी रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका अंथरुणात झोपल्याने, खोकल्याने तो पसरत नाही. दाढीचे ब्लेड, नेलकटर, टूथब्रश आणि सुई वेगळी ठेवायची. आणि अक्कांच्या बाबतीत पाने कापायची कात्री, कारण तिने बोट कापले जाते आणि ती घरात तिघी वापरत होत्या. त्यांची कात्री वेगळी केली, कापलेल्या बोटाला पट्टी बांधायची सवय लावली, आणि ताट-पेला पुन्हा सगळ्यांच्यात आला. सुनेचे आणि मुलाचे रक्तही तपासून घेतले. त्यानंतरच्या आठवड्यात वहीत झोपेच्या पुढे "बरी" असा शब्द येऊ लागला. माझ्या मते अक्कांच्या उपचारातला हा सर्वांत मोठा बदल होता, आणि तो कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता आला नसता.

काही त्रास मात्र वहीत लिहून पुढच्या भेटीची वाट पाहण्यासारखे नसतात. डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, बोलण्यात गोंधळ किंवा फार गुंगी, चक्कर येऊन पडणे, अंगावर पुरळ येऊन श्वास लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. ज्यांना या गोळीसोबत रिबाविरिनही दिले आहे त्यांना दम लागला किंवा छातीत धडधडले तर हिमोग्लोबिन लगेच तपासावे लागते, आणि त्या औषधाच्या काळात व नंतरचे किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते, औषध पुरुष घेत असला तरीही. मधुमेह असलेल्यांची साखर उपचार चालू असताना उतरू शकते, म्हणून ती अधिक वेळा पाहावी. हिपॅटायटिस बी हा यकृताचा दुसरा विषाणूजन्य आजारही सोबत असेल तर या उपचाराने तो उसळू शकतो. त्याची तपासणी आधीच झाली आहे ना, हे फाईलमध्ये बघून घ्यावे.

तिसऱ्या बाटलीतल्या शेवटच्या गोळ्या आषाढात संपत होत्या. अक्कांना एकादशीचा उपास करायचा होता. निर्जळी नको, गोळी चुकवायची नाही, वरी-शेंगदाण्याची आमटी खाऊन मग घ्या, एवढेच सांगितले आणि त्यांनी तसेच केले.

गोळ्या संपल्यावर लगेच "बरे झालात" असे आम्ही म्हणत नाही. आणखी बारा आठवड्यांनी व्हायरल लोड पुन्हा करतात; तेव्हा विषाणू सापडला नाही तर आजार बरा झाला असे धरले जाते. मधल्या या काळात पुष्कळ लोक तपासणीला येणे सोडून देतात, कारण त्रास थांबलेला असतो. अक्का आल्या, आणि विषाणू सापडला नाही. त्यांना मी तेव्हा दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, तपासणी पुढेही पॉझिटिव्हच येत राहील, म्हणून कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी व्हायरल लोडचा हा शेवटचा रिपोर्ट दाखवायचा. आणि विषाणू गेला तरी यकृतावरचे व्रण राहिलेले आहेत, तेव्हा दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच. पहिल्या सोनोग्राफीची तारीख सुनेने त्याच वहीत लिहून घेतली.