स्टॅकमधील स्विच, परवाना आणि राउटिंग

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात सिस्कोच्या कॅटलिस्ट ३८५० मालिकेतील तीन स्विचांचा स्टॅक (केबलने जोडून एकाच यंत्रासारखा चालणारा संच) असून तिन्हींवर आयपी बेस हा खालच्या पातळीचा परवाना आहे. नव्याने घेतलेल्या चौथ्या स्विचवर आयपी सर्व्हिसेस हा वरच्या पातळीचा परवाना आहे. केबल जोडूनही तो स्टॅकमध्ये सामील होत नाही. त्यालाच ॲक्टिव्ह (स्टॅकचा प्रमुख) केल्यास इतर तिघांनाही बीजीपी (वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कमध्ये मार्गांची माहिती पोहोचवणारा प्रोटोकॉल) वापरता येईल काय? इंटरनेटच्या दोन पुरवठादारांच्या जोडण्यांसाठी आम्हाला ते हवे आहे.

उत्तर : नाही. या मालिकेत स्टॅकमधील सर्व स्विचांची परवाना पातळी एकच असावी लागते, त्यामुळे ॲक्टिव्ह स्विचचा वरचा परवाना इतरांना लागू होत नाही. ‘शो स्विच’ ही आज्ञा दिल्यास नव्या स्विचसमोर परवाना जुळत नसल्याची नोंद दिसेल. तशी नोंद नसेल, तर स्विचवरील आयओएस एक्सई या कार्यप्रणालीची आवृत्ती जुळते का, हे तपासावे.

राउटिंगचे, म्हणजे डेटाचे मार्ग ठरवणारे, प्रोटोकॉल केवळ ॲक्टिव्ह स्विचवर चालतात आणि तेथे ठरलेले मार्ग प्रत्येक सदस्याच्या हार्डवेअरमधील तक्त्यात उतरवले जातात. म्हणूनच संपूर्ण स्टॅक शेजारच्या राउटरला एकच यंत्र म्हणून दिसतो. तक्ता सर्वत्र तोच असल्याने सदस्य वाढवले की पोर्ट वाढतात, मार्ग साठवण्याची क्षमता मात्र वाढत नाही. खरेदीच्या वेळी ही गोष्ट हमखास नजरेआड होते.

आयपी बेसमध्ये हाताने लिहिलेले स्थिर मार्ग आणि रिप, ईआयजीआरपी स्टब (मर्यादित ईआयजीआरपी) व मर्यादित मार्गसंख्येचे ओएसपीएफ हे राउटिंग प्रोटोकॉल मिळतात. बीजीपी व पूर्ण ईआयजीआरपी यांसाठी आयपी सर्व्हिसेस लागते. तरीही उरलेल्या तीन स्विचांसाठी तो परवाना विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन पुरवठादारांशी बीजीपी करण्यासाठी संस्थेकडे स्वतःचे सार्वजनिक आयपी पत्ते असावे लागतात आणि सहसा स्वतःचा एएस क्रमांकही (बीजीपीमध्ये संस्थेच्या नेटवर्कची ओळख देणारा क्रमांक) लागतो. आतील खासगी पत्ते वापरत असाल, तर नॅट (खासगी पत्त्यांचे सार्वजनिक पत्त्यांत रूपांतर) आवश्यक ठरते आणि ३८५० स्विच नॅट करत नाही. शिवाय इंटरनेटच्या संपूर्ण मार्गतक्त्यात आयपीव्ही४ चे नऊ लाखांहून अधिक मार्ग असतात, ते या स्विचमध्ये मावणारच नाहीत. दोन्ही जोडण्या फायरवॉलवर किंवा राउटरवर घ्याव्यात, एक जोडणी तुटल्यास दुसरीकडे वळण्याचे काम तेथेच सोपवावे आणि स्टॅकवर त्या यंत्राकडे जाणारा एक डिफॉल्ट मार्ग (दुसरा मार्ग माहीत नसलेल्या सर्व पत्त्यांसाठीचा) लिहावा. त्यासाठी आयपी बेस पुरेसे आहे.

तेव्हा चौथ्या स्विचवर आयपी बेस पातळी सक्रिय करून तो रीलोड (पुन्हा सुरू) करावा. आयओएस एक्सई १६.९ च्या आधीच्या आवृत्त्यांत ‘लायसन्स राइट-टू-यूज ॲक्टिव्हेट’ या आज्ञेने पातळी बदलते. हीच आज्ञा वरची पातळीही सुरू करून देते, पण ती वापरण्याचा हक्क खरेदीनेच मिळतो, आज्ञा चालली म्हणून नव्हे. शैक्षणिक संस्थेने तरी याबाबत सैल राहू नये.

पातळी बदलल्यावर स्विच बंद करूनच स्टॅकची केबल जोडावी आणि नंतर वीज द्यावी. चालू स्विच जोडल्यास दोन ॲक्टिव्ह स्विच समोरासमोर येतात, नव्याने निवड होते आणि हरलेली बाजू रीलोड होते. ती बाजू तुमच्या जुन्या तीन स्विचांची निघाली, तर त्यांच्यावरील सर्व जोडण्या तेवढा वेळ बंद पडतील. जुन्या ॲक्टिव्ह स्विचला १५ हे सर्वोच्च प्राधान्य आधीच देऊन ठेवावे.