वाचकांचे प्रश्न : नकाशावर ठिपका का उमटत नाही?

प्रश्न (शहादा) : आम्हा दोघा मित्रांकडे हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स आहे. तोरणमाळच्या घाटात मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून गाडीत हॅण्डीला (हातातल्या वायरलेस सेटला) फोन जोडून एपीआरएस (रेडिओवरून आपले ठिकाण कळवायची पद्धत) सुरू केले. दर मिनिटाला हॅण्डीचा लाल दिवा लागतो, पण नेटवरच्या नकाशावर ठिपका काही दिसत नाही. चुकते कुठे?

उत्तर : लाल दिवा एवढेच सांगतो की हॅण्डी बोलली. ते कोणी ऐकले का, हा वेगळा प्रश्न. तुमचे पॅकेट, म्हणजे ठिकाणाचा छोटा संदेश, इंटरनेटला जोडलेल्या एखाद्या आयगेटने (रेडिओवर ऐकलेले नेटवर टाकणाऱ्या स्टेशनने) पकडले, तरच ठिपका उमटतो. घाटाचा विचार नंतर, आधी घरात टेबलावर तपासा.

दुसरी हॅण्डी त्याच फ्रिक्वेन्सीला लावून पंधरावीस फुटांवर ठेवा आणि तिचा आवाज डायरवुल्फ (पॅकेट उकलणारे सॉफ्टवेअर) चालू असलेल्या लॅपटॉपच्या माइकजवळ येऊ द्या. सेकंदभर खरखर ऐकू येते पण पडद्यावर कॉलसाइन (लायसन्ससोबत मिळालेली रेडिओवरची ओळख) उमटत नाही, असे झाले तर बहुतेक वेळा फोनचा आवाज फुल असतो. १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन्ही सूर त्यामुळे फाटतात. आवाज निम्म्यावर आणा, मग थोडाथोडा कमी-जास्त करून बघा. दुसरे कारण व्हॉक्स, म्हणजे आवाज आला की हॅण्डीला आपोआप बोलते करणारी सोय. त्याला जागे व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पॅकेटचे डोके उडते. टीएक्सडिले (प्रक्षेपण सुरू झाल्यावर पॅकेट सोडण्याआधी थांबायची वेळ) ३०० ते ५०० मिलिसेकंद ठेवा. हॅण्डीतले ड्युअल वॉच (दोन चॅनेल आळीपाळीने ऐकणे) आणि बॅटरी सेव्ह दोन्ही बंद करा. ड्युअल वॉचमुळे भलत्याच चॅनेलवर प्रक्षेपण होऊ शकते.

व्हिडिओ पाहून फ्रिक्वेन्सी उचलली असेल तर सावध. १४४.८०० मेगाहर्ट्झ युरोपात चालते, १४४.३९० उत्तर अमेरिकेत. तुमच्या पट्ट्यातला आयगेट कशावर ऐकतो, ते त्याच्या चालकालाच विचारा. पाथ (पॅकेट पुढे कसे ढकलायचे याची सूचना) ‘वाइड१-१, वाइड२-१’ असा हवा. तो रिकामा सोडला तर डिजिपीटर (ऐकलेले पॅकेट पुन्हा रेडिओवर सोडणारे स्टेशन) ते पुढे ढकलत नाही. आणि अ‍ॅप चुकून इंटरनेट मोडवर नाही ना, तेही बघा. तसे असेल तर गावात ठिपका दिसेल, घाटात गायब होईल.

एवढे सगळे बरोबर असूनही घाटात शांतताच असेल, तर मध्ये डोंगर आहे. व्हीएचएफ, म्हणजे या फ्रिक्वेन्सीच्या लहरी, डोंगर ओलांडून जात नाहीत. वॅट वाढवून फारसे साधणार नाही. उंचावर ऐकणारे स्टेशन हवे.

प्रश्न (जळगाव) : फक्त ऐकणारा आयगेट घरी बसवायचा आहे. काय काय लागेल?

उत्तर : आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचा रेडिओ रिसीव्हर), रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर), डायरवुल्फ आणि गच्चीवर अँटेना. १४४.८ मेगाहर्ट्झसाठी उभी काडी ४९ सेंटीमीटर, खाली ५२ सेंटीमीटरच्या चार काड्या ४५ अंशांत वाकवलेल्या. आरजी-५८ केबल दहा मीटरमध्येच साधारण दोन डीबी (डेसिबल) सिग्नल खाते, म्हणून लांब केबल ओढण्यापेक्षा डोंगल अँटेनाजवळ न्या. मात्र पत्र्याखाली ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात पेटीतला रास्पबेरी पाय ८० अंशांवर जातो आणि मंदावतो.

स्वस्त डोंगलची फ्रिक्वेन्सी सरकलेली असते. ६० पीपीएमची (दशलक्षात ६० भागांची) चूक म्हणजे इथे साडेआठ किलोहर्ट्झहून जास्त. मग एकही पॅकेट उकलत नाही आणि दोष अँटेनाला जातो. पीपीएम दुरुस्ती आधी करा. सर्व्हर एशिया.एपीआरएस२.नेट, पोर्ट १४५८०, कॉलसाइनपुढे -१० आणि त्या कॉलसाइनचा पासकोड. लाइट वारंवार जात असेल तर यूपीएस लावाच, नाहीतर मेमरी कार्ड खराब होते. नेटवरून आलेला मेसेज हा आयगेट परत रेडिओवर सोडू शकत नाही, हे धरून चाला.

प्रश्न (अमळनेर) : घरच्यांकडे लायसन्स नाही. त्यांना गाडी कुठे आहे ते बघता येईल?

उत्तर : येईल. एपीआरएस.एफआय उघडायचे, कॉलसाइन टाकायची. गाडीसाठी बहुधा पुढे -९ असते. पण तुमच्या घरच्यांना दिसते ते अख्ख्या जगाला दिसते, आणि हॅम बँडवर मजकूर गुप्त करायला परवानगी नाही. घराच्या एक-दोन किलोमीटर अलीकडेच ट्रॅकर बंद करत जा. ठिपक्यावर बोट ठेवून शेवटच्या पॅकेटची वेळही बघायला सांगा. गाडी पुढे निघून गेली तरी जुना ठिपका तिथेच दिसत राहतो.