नाताळच्या दुपारी गोव्यातल्या एखाद्या जुन्या, भव्य हॉटेलात पारंपरिक जेवण करावं का? आई माळकरी आहे.

जावं. फक्त टेबल राखून ठेवताना 'किती पदार्थ आहेत' असं विचारू नका. 'सोरपोतेल कधी शिजवलंय' ते विचारा. 'आज सकाळी' म्हणाले तर दुसरीकडे फोन लावा. डुकराचं मांस, काळीज आणि माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर एकमेकांत मुरायला दोन-तीन दिवस लागतात. रोज थोडं गरम करायचं आणि झाकून ठेवायचं.

मी फोंड्याचा, हिंदू घरातला. आमच्यासाठी नाताळ म्हणजे शेजारच्या बाईंनी क्रोशाच्या रुमालाखाली झाकून पाठवलेलं कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट. त्यातली नेवरी म्हणजे आपली करंजीच, तिला नेवरी आम्हीही म्हणतो. त्यामुळे नाताळचं जेवण हॉटेलात पैसे देऊन खावं, हे बरीच वर्षं पटत नव्हतं. तसं पाहिलं तर खरं जेवण त्या दिवशी घरोघरी असतं, मध्यरात्रीची मीस आटोपून आलेल्या माणसांचं.

वडिलांच्या पिढीला पणजीतलं मोठं हॉटेल म्हणजे मांडवी. 1952 साली सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या निधनाला 400 वर्षं झाली, त्यानिमित्त त्यांचं जपून ठेवलेलं शव दर्शनासाठी ठेवलं गेलं, तेव्हा ते नदीकाठी उभं राहिलं. वडील समोरून जाताना उगाच शर्ट नीट करायचे.

मी पहिल्यांदा गेलो ते दुसऱ्याच एका जुन्या वास्तूत. उंच छत, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, सगळं झकास. जेवण मात्र बुफे: कोरडी टर्की, पनीर माखनी आणि अडीच वाजता पोचल्यावर रिकामं झालेलं बेबिंकचं, म्हणजे थराथरांच्या गोड केकचं, तबक. नंतर एका छोट्या हॉटेलात नीट जेवलो. सोरपोतेल, त्याबरोबर सान्नां (तांदळाच्या मऊ इडल्या), मग पुलाव. तेव्हा कळलं की खिडक्या पोट भरत नाहीत. (बघायला मात्र जरूर जा.)

आता आईंचं. बेबिंक त्यांना देऊ नका, एकेका थराला अंड्यांचे बलक लागतात. बोलिन्यांत, म्हणजे नारळाच्या बिस्किटांतही, अंडं असतं. सान्नां जुन्या पद्धतीची असतील तर पीठ सुरेने आंबवलेलं असतं. हल्ली पुष्कळ जण यीस्ट वापरतात, पण माळकरी माणसासाठी विचारून घ्याच. दोदोल मात्र निर्धास्त: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ, तासन्‌तास ढवळलेला. चणाडाळ-खोबऱ्याच्या गोड वड्या, म्हणजे दोस, आणि पेरूच्या वड्या, म्हणजे पेराद, ही दोन्हीही चालतील. जेवणात मशरूमची शाकुती (भाजलेल्या मसाल्या-खोबऱ्याचा रस्सा) मिळू शकते, पण मांसाच्या रश्शात शिजवलेली नाही ना, हे आधी फोनवर ठरवा. त्या दिवशी वाढपी धावपळीत असतो, ऐन वेळी त्याला हो-नाहीचं नीट सांगता येत नाही.

साडेबाराला पोचा. आणि दोदोल उरला तर बांधून मागा, परतीच्या गाडीत आईंना उपयोगी पडेल.