ताई, विचारायचं होतं: आबांची द्रौपदी आणि न्यूयॉर्कचे बॉल

प्रश्न: ताई, माझे सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, ते ८०च्या दशकात दशावतारात स्त्रीपार्ट करायचे, त्यांची द्रौपदी बघायला लोक दोन गावं चालून यायचे म्हणे. माझा मुलगा मुंबईला फॅशन डिझाईन शिकतो, त्याला प्रोजेक्ट मिळालाय १९८०च्या दशकातलं ड्रॅग आणि फॅशन. मे महिन्यात घरी आला आणि जेवताना म्हणाला, आबा तुम्ही पण ड्रॅगच करत होता. आबांनी विचारलं ड्रॅग म्हणजे रे काय, यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला आणि आबा ताटावरून उठले. दोन दिवस नातवाशी बोलले नाहीत. मुलगा म्हणतो मी कौतुकच करत होतो. त्या काळातलं ड्रॅग नक्की काय होतं आणि आबांचं काम त्यात बसतं का?
— एक सून, कुडाळ तालुका

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण आमच्या देवळामागे अशाच एका द्रौपदीसमोर मी आरसा धरून बसलेय. सात-आठ वर्षांची असेन, जत्रेची रात्र, गॅसबत्ती आणि ते काका पेटाऱ्यावर बसून स्वतःचं तोंड स्वतःच रंगवत होते, आधी सफेदा, मग गालाला लाली, मग काजळ, आणि मला दटावत होते की हात हलवू नको गो. कपाळाला कुंकू लागलं की त्यांचा आवाज बदलायचा, मग पाणी मागायचं ते पण त्याच आवाजात. मला तेव्हा वाटायचं आता आत काका नाहीतच.

तर आधी ड्रॅगचं सांगते, म्हणजे बहुतेकदा पुरुषाने बाईचा वेष घेऊन लोकांसमोर उभं राहायचं, कारण मुलाने व्हिडिओ दाखवला पण गोष्ट सांगितली नाही असं दिसतंय.

न्यूयॉर्कमध्ये हार्लेम नावाचा भाग आहे, तेव्हा मुख्यतः काळ्या लोकांची वस्ती. पुरुषांनी बायकांचे कपडे घालून स्पर्धेला उतरायचे बॉल, म्हणजे नटूनथटून जमायचे नाचाचे मेळावे, तिथे फार जुने आहेत, पण त्यात बक्षिसं गोऱ्यांनाच मिळतात म्हणून क्रिस्टल लाबेजा ही काळी ड्रॅग क्वीन चिडली आणि ७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या नावाचं ‘हाऊस’ उभं राहिलं. हाऊस म्हणजे घरच. एक आई असते, ती पोरांना जवळ करते, खायला घालते, मेकअप शिकवते, स्पर्धेला उभं करते. ही पोरं कोण, तर समलिंगी मुलगे आणि ट्रान्स मुली, काळ्या आणि लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळाच्या, त्यातल्या कितीतरी जणांना आईबापांनी घराबाहेर काढलेलं. १९८२ मध्ये एक्स्ट्राव्हॅगान्झा हे लॅटिनो मुलांचं हाऊस निघालं, त्याची आई अँजी स्वतःच तेव्हा कोवळ्या वयाची होती. १९९३ मध्ये ती गेली, एड्सचा आजार, वय फक्त २८.

फॅशनचं म्हणाल तर ८०च्या दशकात तिथे एक मोठा बदल झाला. आधीच्या पिढीला पिसं, मणी, चमचम पाहिजे असायची, सगळं हाताने शिवलेलं, मग सिनेमातल्या नट्यांसारखं दिसायची हौस आली आणि ८०मध्ये सगळ्यांना मॉडेल व्हायचं होतं. तो काळ रुंद खांद्यांच्या जॅकेटांचा, श्रीमंतांच्या टीव्ही मालिकांचा, डिझायनर लेबलांचा. हाऊसची नावं पण बघा ना, शनेल, सेंट लॉरेंट, म्हणजे ज्या दुकानात पाऊल टाकायची सोय नाही त्याचंच नाव आपल्या घराला. त्यांच्या स्पर्धेत ‘रिअलनेस’ म्हणून प्रकार होता, त्यात नुसतं बाई व्हायचं असंही नाही, सूट घालून बॅग घेऊन ऑफिसातला साहेब व्हायचं, सैनिक व्हायचं, कॉलेजचा विद्यार्थी व्हायचं. रस्त्यावर कोणाला शंका येणार नाही इतकं खरं दिसलं की जिंकलात. जे आयुष्य कोणी देणार नाही ते एका रात्रीपुरतं अंगावर घालून बघायचं, मला तरी हे वाचून पोटात तुटतं.

आणि त्याच दशकात एड्स. १९८१ मध्ये अमेरिकेत पहिल्या केसेसची नोंद झाली आणि दहा वर्षांत त्या हॉलमधली माणसं भराभर गेली. मुलाच्या प्रोजेक्टमध्ये नुसते कपडे असतील आणि हे नसेल तर त्याला सांगा ते अर्धंच आहे.

लंडनमध्ये वेगळंच चाललं होतं. ली बावरी नावाचा ऑस्ट्रेलियाहून आलेला माणूस, १९८५ मध्ये त्याने टॅबू नावाचा क्लब काढला, त्याला सुंदर बाई दिसायचंच नव्हतं, तोंडावर ठिपके, टकलावरून रंगाचे ओघळ, शरीराचा आकारच बदलून टाकणारे कपडे. मुलाला तो आवडेल. आबांना नको दाखवू म्हणावं, आधीच रागावलेत.

आता आबा. हाताचं कसब बघितलं तर मुलगा बरोबर आहे, अगदी बरोबर. स्वतःची रंगभूषा स्वतः, साडीचा काष्टा स्वतः, केसांत वळेसार, छातीला चिंध्यांची गुंडाळी, आणि पुस्तक नाही संहिता नाही, आख्यान ठरलं की त्या बाकड्यासमोर उभं राहून पायपेटी आणि पखवाजाच्या जोरावर पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत संवाद मनाने बोलायचे. हार्लेममधला कोणीही या माणसाला बघून आधी हात जोडेल.

पण आबा ताटावरून उठले ते कसबासाठी नाही. माझा अंदाज सांगते. आपल्याकडे जत्रेत द्रौपदीच्या पाया पडणारी माणसंच दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर त्याच नटाला ‘बायल्या’ म्हणून हाक मारायची, मी स्वतः ऐकलंय, आणि त्या काकांनी न ऐकल्यासारखं केलेलं पण बघितलंय. म्हणून स्त्रीपार्टी नट रंग उतरवला की जास्तच पुरुष होऊन राहायचे, आवाज जाड, मिशी मात्र ठेवता यायची नाही. त्यात १९८८ मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ आला, लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती बघून आपण सगळे पोट धरून हसलो, मी पण, पण तिथे गंमत हीच की साडीत पुरुष आहे. आबांच्या द्रौपदीला कोणी हसलं तर त्यांचं काम फसलं. आयुष्यभर जो शब्द अंगाला लागू दिला नाही तो नातू जेवणाच्या ताटावर घेऊन आला असं त्यांना वाटलं असणार.

आणि फरक पण आहे, तो मुलाने मान्य करावा. आबांचा पार्ट हे काम होतं, सकाळी रंग पुसून ते तुमच्या सासूबाईंकडे, शेताकडे, आपल्याच नावाकडे परत यायचे. बॉलमधल्या कित्येकांचं तेच नाव होतं, तेच जगणं होतं आणि परत जायला दार उघडं नव्हतं. दोन्हीला एकच शब्द लावला की दोघांचंही काहीतरी पुसलं जातं. (आपल्या दशावतारातही असे नट असतील ज्यांना साडीतच मोकळं वाटायचं, त्यांना ते बोलायची सोय नव्हती एवढंच.)

मुलाला म्हणावं व्हिडिओ बाजूला ठेव, आबांसमोर साडी घेऊन बस आणि म्हण, मला नेसायला शिकवा. शिकवता शिकवता ते बोलतील. मग कधीतरी त्यांना अँजीची गोष्ट सांग, टाकलेली पोरं सांभाळणाऱ्या आईची. ती त्यांना कळेल, कुंती आणि कर्ण त्यांनी इतक्या वेळा बघितलेत.

प्रश्न: वोगिंग हा डान्स मॅडोनानेच काढला ना? मैत्रिणीशी पैज लागलीय.
— कॉलेजची विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर: पैज हरलीस बाळा. तो हार्लेमच्या बॉलमधला, फॅशन मासिकातल्या मॉडेलच्या पोझ एकामागोमाग घ्यायच्या आणि समोरच्याला हरवायचं, भांडण हातापायी न करता नाचून. विली निंजा नावाच्या नर्तकाने त्यात हातांची अशी सफाई आणली की पुढे मॉडेल्स त्याच्याकडे चालायला शिकायच्या. मॅडोनाचं ‘वोग’ गाणं आलं १९९० मध्ये आणि त्यात नाच बसवायला एक्स्ट्राव्हॅगान्झा हाऊसचेच होजे आणि लुईस होते. जगाला नाव तिचं माहीत झालं. आपल्याकडे उलटं झालेलं, १९१०-२०च्या काळात बालगंधर्व स्टेजवर जशी साडी नेसायचे तशी घरच्या बायका नेसायला लागल्या आणि ती कोणाची फॅशन हे प्रत्येकीला माहीत होतं.

प्रश्न: वडील दशावतारी होते, त्यांच्या पार्टाच्या जरीच्या साड्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, जर काळी पडतेय. काय करू?
— मालवण

उत्तर: आधी ट्रंकेतून काढा. आपल्या पावसात पत्रा घाम धरतो. प्लॅस्टिकची पिशवी नको, डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही, अत्तर तर नकोच. मऊ जुन्या सुती कापडात, स्टार्च नसलेल्या, गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, नाहीतर घडीवर चिरते. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या, उन्हात नाही. खरी जर चांदीची असते, ती काळवंडली तर जाणकाराकडून साफ होऊ शकते, तांब्याची असेल तर गेलेली चमक सहसा येत नाही. घरी लिंबू, चिंच, टूथपेस्ट काही लावू नका.

आणि पदराला गळ्यापाशी सफेद्याचे, पिंजरीचे डाग असतील, ते धुवायला देऊ नका.