स्पॅनिश शिकताना: ‘तू’ला आज्ञा कशी करायची?

मागच्या अंकात ‘तू’ आणि ‘उस्तेद’मधला फरक सांगितला होता, म्हणजे मैत्रीत आणि घरात ‘तू’ आणि अनोळखी किंवा मानाच्या माणसाला ‘उस्तेद’. त्यावर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीवर अडलेत, ‘तू’ म्हणायच्या माणसाला ‘हे कर’, ‘ते करू नकोस’ कसं सांगायचं. म्हणून यावेळी सगळा अंक त्यावरच. उच्चार लॅटिन अमेरिकेतले दिलेत.

प्रश्न: ‘आब्ला’ म्हणजे ‘बोल’ हे कळलं. मग ‘बोलू नकोस’ला ‘नो आब्ला’ का नाही? पुस्तकात ‘नो आब्लेस’ दिलंय. आधी नियम शिकवायचा आणि पुढच्याच पानावर तो मोडायचा, असं का?

नियम मोडत नाहीये, ते दोन वेगळे नियम आहेत आणि बहुतेक पुस्तकं हे पुरेसं ठासून सांगत नाहीत. आधी होकारी आज्ञा बघा. ‘तो बोलतो’ला जे रूप लागतं तेच जसंच्या तसं घ्यायचं. आब्लारचं आब्ला, कोमेरचं कोमे म्हणजे खा, आब्रीरचं आब्रे म्हणजे उघड. क्रियापदाच्या पोटात स्वर बदलत असेल तर तोही बदललेलाच राहतो, सेर्रारचं स्येर्रा म्हणजे बंद कर, दोर्मीरचं द्वेर्मे म्हणजे झोप. नवीन काही पाठ करायला लागत नाही, वर्तमानकाळ येत असेल तर ही रूपं तुम्हाला आत्ताच येतायत.

पण नुसतं पुढे ‘नो’ लावलंत की ‘नो आब्ला’ होतं आणि ऐकणाऱ्याला ते ‘तो बोलत नाही’ असं वाटतं, आज्ञा त्यात उरतच नाही. मनाई करायला स्पॅनिश वेगळं रूप वापरते, त्याला सब्जंक्टिव्ह म्हणतात, आणि स्पॅनिश जिच्यातून आली त्या लॅटिन भाषेतही मनाईला सब्जंक्टिव्ह वापरत, म्हणजे ही सवय जुनी आहे. ते बनवायचं असं की ‘मी’चं रूप घ्या (आब्लो, कोमो, आब्रो), शेवटचा ‘ओ’ काढा आणि उलटा स्वर लावा, म्हणजे आर-वाल्या (आब्लारसारखं मूळ रूप ‘आर’वर संपणाऱ्या) क्रियापदांना ‘एस’ आणि एर-ईर वाल्यांना ‘आस’. नो आब्लेस, नो कोमास, नो आब्रास. होकारात ‘आ’ असेल तर नकारात ‘ए’ येतो आणि ‘ए’ असेल तर ‘आ’, एवढं कानात बसलं की निम्मं काम झालं.

आणि हे आपल्याला परकं वाटायचं कारणच नाही. आपण ‘बोल’ म्हणतो पण नकारात ‘बोलू नकोस’ म्हणतो, म्हणजे आपलंही क्रियापद नकारात रूप बदलतं, आणि ‘नकोस’च्या शेवटचा ‘स’ जसा समोरच्याला ‘तू’ म्हणतोय हे सांगतो तसाच ‘नो आब्लेस’मधला शेवटचा ‘स’ही सांगतो. मराठी बोलणाऱ्याने तर हे इंग्रजीच्या वाटेने शिकूच नये असं माझं ठाम मत आहे, कारण इंग्रजीत दोन्हीकडे क्रियापद तेच राहतं आणि नेमका तिथेच घोळ होतो.

अजून एक, फक्त ‘नो’मुळेच असं होतं असं नाही. ‘नुंका’ म्हणजे ‘कधीही नाही’, तोही आधी आला की हेच रूप लागतं, नुंका कोमास एसो म्हणजे ते कधीही खाऊ नकोस.

प्रश्न: होकारी आज्ञेत नियमाला न जुमानणारी आठ क्रियापदं आहेत, ते आठ अपवाद पाठ होतच नाहीत. काही युक्ती?

आठही एकेका अक्षराएवढी छोटी आहेत: दी (सांग), आस (कर), बे (जा), पोन (ठेव), साल (बाहेर पड), से (हो, अस), तेन (घे, धर), बेन (ये). मूळ क्रियापदं देसीर, आसेर, ईर, पोनेर, सालीर, सेर, तेनेर, बेनीर.

युक्तीपेक्षा कारण कळलं तर जास्त टिकतं. जुन्या काळात शब्दाच्या शेवटचा ‘ए’ न आणि ल सारख्या अक्षरांनंतर गळून पडला, लॅटिनमधला ‘पाने’ म्हणजे पाव स्पॅनिशमधे ‘पान’ झाला तो असाच. पोन, तेन, बेन, साल हे त्याच वाटेने आखूड झालेत. ‘दी’ची कथा वेगळी, लॅटिनमधेच ‘सांग’ हे ‘दीक’ इतकं तोकडं होतं. एवढी वापरातली क्रियापदं, दिवसभर तोंडात असलेली, ती झिजणारच.

आता खरी सुखाची गोष्ट. हे आठ फक्त होकारात विचित्र आहेत. त्यातल्या सहांचं ‘मी’चं रूप ‘गो’वर संपतं (दीगो, आगो, पोंगो, साल्गो, तेंगो, बेंगो) आणि मगाचा नियम लावला की नकार आपोआप तयार, नो दीगास, नो आगास, नो पोंगास, नो साल्गास, नो तेंगास, नो बेंगास. उरले दोन, ईरचं नो बायास आणि सेरचं नो सेआस, ते तेवढे पाठ करा. त्यांच्या जोडीला ‘नो एस्तेस’ आणि ‘नो देस’ पण बघून ठेवा, एस्तार आणि दारचे.

यांच्यापासून बनलेली क्रियापदंही बहुतेक त्यांच्यामागेच जातात, मांतेनेरचं मांतेन (राख), देसआसेरचं देसआस (केलेलं मोड). पण प्रेदेसीर (भाकीत करणं) आणि बेंदेसीर (आशीर्वाद देणं) मात्र ‘दी’ घेत नाहीत, ती नियमाने प्रेदीसे आणि बेंदीसे होतात, परीक्षेत इथेच मार्क जातात.

प्रश्न: ‘नो बुस्केस’ लिहिताना मधेच क्यू आणि यू कुठून आले? मूळ क्रियापदात तर सी आहे.

उच्चार सांभाळायला आले. बुस्का म्हणजे शोध, त्यात ‘क’ आहे आणि नकारातही ‘क’च हवा, पण रोमन लिपीत सी नंतर ई लिहिला की तो ‘से’ वाचला जातो म्हणून क्यू-यू लिहायचं. येगा (पोच) आणि नो येगेसमधे जी नंतर यू घालतात तेही त्यासाठीच. देवनागरीत लिहून बघा, बुस्का–बुस्केस, येगा–येगेस, काहीच विचित्र दिसत नाही. क्रियापद नियमितच आहे, भानगड सगळी स्पेलिंगची.

प्रश्न: ‘दीमेलो’ म्हणजे ‘मला ते सांग’. मग ‘नो दीमेलो’ चुकीचं कसं?

होकारात मे, ते, लो हे छोटे शब्द क्रियापदाच्या शेपटीला चिकटतात, नकारात ते सुटे होऊन क्रियापदाच्या आधी येतात. दीमेलो, पण नो मे लो दीगास. स्येंताते म्हणजे बस, पण नो ते स्येंतेस. यात मधली वाट नाही. चिकटल्यावर शब्द लांबतो पण जोर आधीच्याच जागी राहतो, म्हणून बऱ्याचदा त्या स्वरावर तिरकी रेघ द्यावी लागते. ‘दामे’ (मला दे) ला रेघ नाही आणि ‘दामेलो’ला मात्र आहे.

एक गंमतशीर अडचण सांगतो. ‘साल’ला ‘ले’ (त्याला) चिकटवायचं झालं तर बोलता येतं पण लिहिता येत नाही, कारण दोन एल शेजारी आले की स्पॅनिशमधे ‘य’सारखा उच्चार होतो. खुद्द स्पॅनिश भाषेच्या राजेशाही अकादमीनेच सांगितलंय की हे रूप लेखनात दाखवता येत नाही.

प्रश्न: अर्जेंटिनाचे व्हिडिओ बघते, तिथे ‘बेन’च्या जागी ‘बेनी’ ऐकू येतं. कुठलं बरोबर?

दोन्ही. अर्जेंटिना आणि उरुग्वेत ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात आणि त्याची आज्ञा सोपी आहे, मूळ क्रियापदाचा शेवटचा ‘र’ काढा आणि शेवटी जोर द्या. आब्ला (जोर ‘ब्ला’वर), कोमे, बेनी, देसी, पोने. म्हणजे आठ अपवादांची कटकट जवळपास संपलीच. फक्त ईरला तिथे दुसऱ्याच क्रियापदाचं ‘आंदा’ वापरतात. नकार मात्र बहुधा ‘तू’चाच, नो बेंगास.

स्पेनमधे मित्रांच्या घोळक्याला सांगायचं तर ‘बोसोत्रोस’, तिथे ‘र’च्या जागी ‘द’ येतो, आब्लाद, कोमेद, आणि नकारात नो आब्लेईस. ‘तुम्ही निघा’ला व्याकरणात ‘ईदोस’ होतं पण लोक सर्रास ‘ईरोस’ म्हणायचे, शेवटी 2017 मधे अकादमीने तेही मान्य केलं. लॅटिन अमेरिकेत जायचं असेल तर बोसोत्रोस बाजूला ठेवलंत तरी चालेल.

प्रश्न: ‘उस्तेद’च्या आज्ञेलाही होकार-नकार वेगळे का?

नाही, तिथे एकच रूप, आब्ले आणि नो आब्ले.

प्रश्न: ‘बे’ म्हणजे ‘जा’ आणि ‘बघ’ पण?

हो, ईर आणि बेर दोघांचं होकारी रूप ‘बे’च. वाक्यात कळतं, आणि बोलताना ‘बघ’ला बहुतेक वेळा ‘मीरा’च वापरतात. नकारात तर प्रश्नच नाही, जाऊ नकोस म्हणजे नो बायास, बघू नकोस म्हणजे नो बेआस.