विसार देण्याआधी

जुनी चारचाकी घेणाऱ्यांच्या प्रश्नांना सांगलीतल्या गॅरेजमालकाची उत्तरं

प्रश्न: आम्ही दोघं शिक्षक. ओळखीच्या एजंटाने २०१७ ची डिझेल स्विफ्ट दाखवली आहे. बाजारभावापेक्षा लाखभर रुपये कमी सांगतो. सीटकव्हर, मॅटिंग सगळं नवं, आत सुगंधी वास. ह्यांचं म्हणणं, अशी गाडी सोडू नये. मला मात्र धाकधूक वाटते. काय करावं?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर: ताई, तुमची धाकधूक रास्त आहे. मॉडेलबद्दल शंका नको. त्यातलं फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मारुतीने वापरलं, टाटाने वापरलं, आणि आमच्या भागातला कुठलाही मिस्त्री ते डोळे झाकून उघडतो. प्रश्न या एका गाडीचा आहे. इतकी वर्षं वापरलेल्या गाडीत खालचं मॅटिंग आणि सीटकव्हर एकाच वेळी नवं का घातलं, हे आधी विचारा.

आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा आला. त्याच जुलैत वाशिष्ठीच्या पाण्यात चिपळूणची बाजारपेठ गेली. तेव्हा पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांचं काय झालं असेल? दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी लिलावात जाते. लिलावात घेणारा ती मोडीत काढेलच असं नाही. धुऊन, वाळवून, रंगवून ती दुसऱ्या जिल्ह्यात उभी राहते. चेन्नईच्या पुरातली गाडी महाराष्ट्रात यायलाही काही आडकाठी नाही.

आमच्या गॅरेजला अशीच एक गाडी तपासायला आली होती. घेणारं कुटुंब सोबत, मुलं आधीच मागच्या सीटवर जाऊन बसलेली. रंग आरशासारखा. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा काळा स्वच्छ, पण जो भाग कायम गुंडाळलेला राहतो त्यावर आडवी पिवळट रेघ आणि रेघेखाली गाळाचा थर. सीटकव्हर बदलतात, पण बेल्ट शेवटपर्यंत ओढून धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मग सीट पुढे सरकवून खालची रेल बघितली, तर बोल्टांना आतून गंज. दाराजवळची पट्टी काढून कार्पेट उचललं, खालचा फोम ओलसर होता आणि दाबल्यावर नदीच्या गाळाचा वास आला. त्या कुटुंबाने विसार दिलेला नव्हता, याचं मला फार बरं वाटलं.

तुम्हीही हेच करा, आणि भरदिवसा करा. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खोलगट भागात माती आहे का बघा. फ्यूजबॉक्स उघडून पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसतं का बघा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ दिसते का तेही पाहा. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं नाही, तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता आहे. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरच्या आसपास, फरशीलगत असतं. गुडघाभर पाण्यातही ते बुडतं. अशा गाडीत अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडेल याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही. म्हणूनच पुरातल्या गाडीच्या बाबतीत मी घासाघीस करायला सांगत नाही, ती नकोच म्हणतो. इंजिन दुरुस्त होतं. पण वायरिंगच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडांमध्ये, शिरलेला ओलावा दोन-दोन वर्षांनी बाहेर पडतो, आज पॉवर विंडो, उद्या ब्रेकची एबीएस यंत्रणा, परवा गाडी रस्त्यातच बंद.

गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन तिचा सर्व्हिस रेकॉर्ड काढून घ्या. २०१९ किंवा २०२१ च्या पावसाळ्यानंतर रेकॉर्ड अचानक थांबलेला असेल, तर तिथेच विषय संपवा. एजंट म्हणेल, “मॅडम, गिऱ्हाईक रांगेत उभं आहे.” उभं राहू द्या. तुमच्या बजेटमध्ये पेट्रोलची वॅगनआर, जुनी आय-टेन किंवा टोयोटाची इटिऑस निवांत शोधता येईल.

प्रश्न: काका, २०१४ ची पोलो जीटी टीएसआय मिळतेय. ऑटोमॅटिक, एकहाती, मीटरला फक्त ४८ हजार किलोमीटर. टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि प्रेमातच पडलो. सगळं सेव्हिंग यात घालू का?
– एक वाचक, वय २४, पुणे

उत्तर: नको घालूस. गाडी चालवायला सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण त्यातला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स कोरड्या दुहेरी क्लचचा आहे. आत तेलात बुडालेले क्लच असले की उष्णता तेल ओढून घेतं. इथे ती सोय नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी पावला-पावलाने सरकते तेव्हा क्लच अर्धवट धरून राहतो आणि तापतो. शिवाय गिअर टाकण्याचं सगळं काम करणारं ‘मेकॅट्रॉनिक’ नावाचं युनिट असतं. इलेक्ट्रॉनिक्स आणि हायड्रॉलिक्स एकाच डब्यात. २०१३ मध्ये कंपनीनेच जगभरातून या गिअरबॉक्सच्या लाखो गाड्या परत बोलावून आतलं सिंथेटिक तेल बदलून मिनरल तेल घातलं होतं. ते युनिट गेलं तर खर्च लाखाच्या पुढे जातो, आणि पहिल्या नोकरीतल्या मुलाला तो झेपत नाही. पोलोच हवी असेल तर मॅन्युअल बघ. ऑटोमॅटिकच हवी असेल तर २०२० नंतरची एक लिटर टीएसआय बघ, तिला साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पुढे देणारी जुनी ऑटोमॅटिक पद्धत. सुरुवातीच्या ऑटोमॅटिक इकोस्पोर्टलाही असाच दुहेरी क्लच होता, तीही टाळायच्या यादीत धर.

आणि ४८ हजारांचं म्हणशील तर मीटर मागे घेणं आता लॅपटॉपवरचं काम झालंय. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. पाचही टायर गाडीबरोबरचेच, म्हणजे २०१४ च्या आसपासचे असतील, तर आकडा खरा असू शकतो, पण मग टायर वयाने संपलेत. टायर दोनदा बदललेत, पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टीअरिंग चकाकतंय आणि मीटर ४८ हजार म्हणतंय, तर ते मीटर खोटं आहे.

प्रश्न: मी निवृत्त आहे. रोज भाजी, मंदिर, नातीची शाळा, एवढाच प्रवास. मुलाचा आग्रह २०२१ ची डिझेल एसयूव्ही घ्या असा आहे, मजबूत असते म्हणून.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आजोबा, मुलाची माया समजते, पण तुमच्या वापराला ही गाडी जुळत नाही. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला, त्याला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडी ती स्वतः जाळून टाकते, पण त्यासाठी हायवेला एका वेगाने सलग वीसेक मिनिटं धावावं लागतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही. फिल्टर चोंदतो, जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइलची पातळी उलट वाढलेली दिसते. लोक खूश होतात, ऑइल कमीच होत नाही म्हणून! पण ते डिझेलने पातळ झालेलं असतं. तुम्ही पेट्रोलची छोटी गाडी घ्या. नातीला शाळेत सोडायला तीच बरी.

प्रश्न: मागच्या वर्षी कार एका डीलरला विकली. पैसे मिळाले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या. परवा माझ्या नावावर नवी मुंबईचं ई-चलान आलं. आता?
– एक वाचक, सातारा

उत्तर: प्रश्न गाडी घेण्याचा नसला तरी फार महत्त्वाचा आहे. आरसीवर अजून तुमचंच नाव आहे. चलान तर किरकोळच म्हणा. उद्या त्या गाडीखाली कुणी सापडलं आणि विमा नसेल, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येईल. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. परिवहनच्या संकेतस्थळावर आज गाडी कुणाच्या नावावर आहे, विमा कधीपर्यंत आहे, बँकेचा बोजा उतरला आहे का, हे तपासा. विक्रीची पावती, पैसे आल्याचा बँकेचा पुरावा आणि डीलरचं नाव-पत्ता घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या, आणि त्याची प्रत रजिस्टर पोस्टाने डीलरला पाठवा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. तुमच्या डीलरकडे ते अधिकारपत्र आहे का, हे अर्जातच विचारा. तो टाळाटाळ करू लागला तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन ठेवा, या आठवड्यातच.